जुन्या कथेचें नवें रूप

जी कथा एकदां लोकांच्या मनांत घर करून बसली, तिला पुन्हां नव्या वेषांत लोकांपुढें आणणें हें काम वरवर पाहतां सोपें, पण वस्तुतः फार जोखमीचें आहे. कथा ओळखीची असल्यामुळें प्रेक्षक आयते मिळतात, हा त्यांतील लाभ. पण तेच प्रेक्षक परीक्षक होऊन बसतात, ही त्यांतील अडचण. नवें रूप जुन्याबरहुकूम उतरलें, तर 'मग हें केलें तरी कशाला?' असें लोक विचारतात. आणि वेगळें झालें, तर 'आमच्या कथेची विटंबना झाली' म्हणून रागावतात. या दोन्ही आक्षेपांत तथ्य किती व केवळ ममत्व किती, याचा विचार शांतपणें व्हावयास पाहिजे, असें आम्हांस वाटतें. त्यासाठीं आम्ही एक परदेशी उदाहरण घेतों. 'डार्क शॅडोज', म्हणजे 'काळ्या छाया', या नांवाची अमेरिकेंतील एक जुनी दूरचित्रवाणी मालिका आणि तिच्यावरून २०१२ सालीं निघालेला त्याच नांवाचा चित्रपट, यांविषयीं चाहत्यांत जो वाद माजला, त्यांत या प्रश्नाच्या बहुतेक सर्व बाजू आलेल्या आहेत. शिवाय या मालिकेला ज्यांनीं डोक्यावर घेतलें, त्यांत शाळकरी मुलांचा भरणा मोठा होता. तेव्हां शाळेच्या वार्षिक अंकांत तिची चर्चा अस्थानीं ठरूं नये.

इंग्रजी वाङ्मयांत 'गॉथिक' म्हणून कथांचा एक प्रकार अठराव्या शतकापासून चालत आला आहे. जुनी उदास हवेली, कुळाला जडलेला शाप, बंद खोलींतील रहस्य, आणि या सर्वांत एकटी सांपडलेली कोणी तरुणी, ही त्याची ठरलेली सामग्री होय. डॅन कर्टिस या निर्मात्यानें हीच सामग्री घेऊन २७ जून १९६६ रोजीं 'एबीसी' या दूरचित्रवाणी कंपनीकरितां आपली मालिका सुरू केली. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत रोज अर्धा तास ती दाखविली जात असे. व्हिक्टोरिया विंटर्स नांवाची एक अनाथ तरुणी मेन प्रांतांतील कॉलिन्सपोर्ट या कल्पित गांवीं, कॉलिन्स घराण्यांतील एका मुलाची शिक्षिका म्हणून येते, येथून कथेस आरंभ होतो. एके काळची नामांकित चित्रपटनटी जोन बेनेट ही त्या घराण्याच्या मालकिणीचें काम करी. इतकें असूनही पहिले कांहीं महिने प्रेक्षक बेताचेच मिळाले, आणि मालिका बंद पडते कीं काय, अशी वेळ आली.

तेव्हां एप्रिल १९६७ मध्यें कर्टिसनें एक नवें पात्र आणलें. ठेव्याच्या लोभानें घराण्याच्या दफनघरांत शिरलेला एक भामटा साखळदंडांनीं बांधलेली शवपेटिका उघडतो, आणि तिच्यांतून बार्नबस कॉलिन्स हा जवळजवळ दोन शतकें कोंडून पडलेला, रक्तावर जगणारा पिशाच बाहेर येतो. इंग्लंडहून आलेला दूरचा आप्त म्हणून तो आपल्याच वंशजांच्या घरीं उजळ माथ्यानें वावरूं लागतो. हें काम जोनाथन फ्रिड या कॅनडांतील रंगभूमीवरच्या नटाकडे होतें. पात्र थोड्या काळापुरतें आणावयाचें, असा बेत होता; पण तें मालिकेचा प्राण होऊन बसलें. नोव्हेंबर १९६७ पासून कथा १७९५ सालांत मागें नेण्यांत आली, आणि या पिशाचाचें पूर्ववृत्त प्रेक्षकांस दिसलें. अँजेलिक नांवाच्या चेटकीण दासीचें प्रेम त्यानें अव्हेरलें, म्हणून तिनें त्यास शाप दिला. त्याची वाग्दत्त वधू गेली, धाकटी बहीण गेली, आई गेली. आणि स्वतःच्या मुलास ठार करण्याचा धीर न झालेल्या बापानें अखेर त्यास पेटींत घालून साखळदंडांनीं बंद केलें. हें सर्व कळल्यावर प्रेक्षकांची वृत्ति पालटली. ज्याची भीति वाटावयाची, त्याचीच दया येऊं लागली. आपल्या कृत्यांची त्यास लाज वाटते, पुन्हां मनुष्य होण्यासाठीं तो तडफडतो, आणि प्रत्येक वेळीं त्याचा प्रयत्न फसतो, हें पाहण्यासाठीं हजारों मुलें शाळा सुटतांच घराकडे धूम ठोकीत. कारण मालिकेची वेळ दुपारीं साडेतीन-चारची होती. २ एप्रिल १९७१ रोजीं ती संपली, तोंपर्यंत तिचे १,२२५ भाग झाले होते.

आतां या मालिकेचें दारिद्र्यही सांगितलें पाहिजे. न्यूयॉर्कमधील लहानशा स्टुडिओंत रोजचा एक भाग नाटकाप्रमाणें आरंभापासून शेवटपर्यंत एका दमांत मुद्रित करण्यांत येई. फितींत काटछांट करणें खर्चाचें व त्रासाचें असल्यामुळें चुका तशाच राहत. ध्वनिग्राहकाची सावली भिंतीवर पडे. कापडी-लाकडी भिंती हलत. रंगमंचावरचा कामगार दाराआड उभा दिसे. नट भाषण विसरे. फ्रिडला तर भाषण आठवतांना फार कष्ट पडत. परंतु आमच्या मतें या उणिवेनेंच त्याच्या कामाला एक अनपेक्षित गुण आला. शब्द शोधणाऱ्या त्या डोळ्यांतील व्याकुळता प्रेक्षकांस त्या शापित जीवाची व्याकुळता वाटली. हलणाऱ्या भिंतींसमोर उभें राहून ते नट जे बोलत, तें मनापासून बोलत. आपल्या कथेस ते स्वतः कधीं हंसले नाहींत. मालिकेचें सामर्थ्य येथें होतें.

चाहत्यांचें ऋणही कमी नाहीं. त्या काळीं दुपारच्या मालिकांच्या फिती पुन्हां वापरण्यासाठीं पुसून टाकण्याची चाल होती, आणि अशा कित्येक मालिका कायमच्या नाहींशा झाल्या. 'डार्क शॅडोज'चे मात्र एक भाग वगळतां सर्व भाग कोणत्या ना कोणत्या रूपांत वांचले. तो हरवलेला, १२१९ क्रमांकाचा भाग पुन्हां कसा जुळविला, तें ऐकण्यासारखें आहे. एका प्रेक्षकानें घरीं बसून त्या भागाचा नुसता आवाज ध्वनिफितीवर उतरवून ठेविला होता. त्या आवाजास स्थिर चित्रांची जोड देऊन तो भाग उभा करण्यांत आला. १९७५ पासून स्थानिक केंद्रांवर मालिकेचे जुने भाग पुन्हां दाखविले जाऊं लागले. १९८३ पासून चाहत्यांचे मेळावे भरूं लागले, आणि तेथें म्हातारे होत चाललेले नट व त्यांच्याबरोबरच प्रौढ झालेले प्रेक्षक वर्षानुवर्षें भेटत राहिले. कायद्यानें कथा कोणाची असावयाची तिची असो. पण पंचेचाळीस वर्षें तिचा दिवा ज्यांनीं विझूं दिला नाहीं, त्यांचा तिच्यावर कांहींच हक्क नाहीं, असें आम्हांस म्हणवत नाहीं.

अशा स्थितींत टिम बर्टन या दिग्दर्शकानें हा चित्रपट काढावयास घेतला व बार्नबसचें काम जॉनी डेप या नटाकडे दिलें. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. हे दोघेही परके नव्हते. दोघांनींही लहानपणीं ही मालिका आवडीनें पाहिली होती, आणि आपण बार्नबस व्हावें, अशी डेपची बाळपणची हौस होती. मिशेल फायफर हिनें घराच्या मालकिणीचें काम मिळविलें, तेंही जुन्या आवडीपोटीं. पैसा ओतण्यांतही कसूर झाली नाहीं; सुमारें १५ कोटी डॉलर खर्च झाल्याचें सांगतात. हलणाऱ्या भिंतींच्या जागीं अख्खें बंदर व हवेली उभी राहिली. मूळ मालिकेंतील फ्रिड, लारा पार्कर, कॅथरिन ली स्कॉट व डेव्हिड सेल्बी या चार नटांस मेजवानीच्या एका प्रवेशांत क्षणभर मानानें आणण्यांत आलें. दुर्दैवानें, मे महिन्यांत चित्रपट लोकांपुढें येण्याच्या थोडे दिवस आधीं, एप्रिल २०१२ मध्यें, फ्रिड वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षीं वारले.

परंतु मार्च महिन्यांत चित्रपटाची जाहिरातफीत निघाली, आणि चाहत्यांत खळबळ उडाली. तींत भय नव्हतें, विनोद होता. १९७२ सालांत जागा झालेला बार्नबस दूरचित्रवाणीच्या पेटींतील गाणारी चिमुकली बाई पाहून गोंधळतो, असे त्यांतील प्रसंग. कांहीं चाहते म्हणाले कीं, ही आमच्या बाळपणाची थट्टा आहे. आम्ही हा चित्रपट पाहणार नाहीं. दुसरे म्हणाले, एवढें मनावर काय घ्यावयाचें? मूळ मालिका तरी कोठें निर्दोष होती? तिच्या चुकांवर आपणच हंसत आलों ना? आणखी कांहीं जण सबुरीचा सल्ला देत होते: जाहिरात म्हणजे चित्रपट नव्हे, शिवाय या निमित्तानें मालिकेचें नांव नव्या पिढीच्या कानीं जाईल, हा लाभ काय थोडा?

आतां आमचें मत सांगतों. पहिल्या पक्षाचें म्हणणें एवढेंच असेल कीं, जुन्या कथेंत कांहींच बदलूं नये, तर तें आम्हांस मान्य नाहीं. ही मालिका स्वतः नव्यानें सांगितलेल्या जुन्या कथांचीच बनलेली होती. एकाकी हवेलींतील शिक्षिका शार्लट ब्राँटीच्या 'जेन एअर'मधली. रक्तपिपासू सरदार ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'मधला. पुढें मृत देहांच्या तुकड्यांतून मनुष्य बनविण्याची कथा आली, ती मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन'वरून. आणि आपलें पाप तसबिरीवर सोपवून तरुण राहणारा क्वेंटिन आला, तो ऑस्कर वाइल्डच्या 'डोरियन ग्रे'वरून. खुद्द कर्टिसनेंही १९७० सालीं याच कथेचा 'हाउस ऑफ डार्क शॅडोज' हा चित्रपट काढला, तेव्हां बार्नबसला मालिकेपेक्षां पुष्कळ क्रूर केलें व शेवटीं त्याचा नाश दाखविला. मूळ कर्त्यानें जें स्वातंत्र्य घेतलें, तें पुढच्यास नाकारण्याचा अधिकार आपणांस कोठून आला? शिवाय केवळ गांभीर्यानें काम भागतें, असेंही नाहीं. १९९१ च्या जानेवारींत कर्टिसनेंच ही मालिका नव्या नटांसह पुन्हां काढली होती. ती गंभीर होती, निष्ठेनें केलेली होती. पण त्याच आठवड्यांत आखाती युद्ध पेटलें, युद्धवार्तांपुढें तिची वेळ वारंवार ढळली, आणि बारा भागांतच तिचा शेवट झाला.

दुसऱ्या पक्षाचें 'मनावर काय घ्यावयाचें' हें म्हणणेंही आम्हांस पटत नाहीं. आमच्या साहित्यशास्त्रांत हास्यरसास भयानक व करुण यांचा विरोधी मानिलें आहे. याचा अर्थ ते रस एका कथेंत कधींच येऊं नयेत, असा नव्हे. त्यांची सांगड घालण्यास मोठें तारतम्य लागतें, असा आहे. दोन शतकांनीं जागा झालेला मनुष्य नवलाईनें भांबावून जाईल, हें स्वाभाविकच आहे. त्यावर हंसें आलें, तर बिघडत नाहीं. एका उपाहारगृहाच्या पाटीवरील झगमगतें 'एम' अक्षर पाहून बार्नबसला सैतानाचें नांव आठवतें, हा विनोद आम्हांसही आवडला. पण चित्रपट एवढ्यावर थांबत नाहीं. पेटी उकरून काढणाऱ्या मजुरांना बार्नबस ठार मारतो, तेव्हां तो आधीं सभ्यपणें त्यांची क्षमा मागतो. पुढें शेकोटीभोंवतीं बसलेल्या हिप्पी तरुणांशीं तो रात्रभर गप्पा मारतो, प्रेमाविषयीं त्यांचा सल्ला घेतो, आणि मग पुन्हां तितक्याच सभ्यपणें खेद प्रकट करून त्या सर्वांचा प्राण घेतो. प्रेक्षकांनीं हंसावें, अशीच या प्रसंगांची मांडणी आहे.

आमची खरी तक्रार येथें आहे. बार्नबसची सभ्यता व त्याचा पश्चात्ताप चित्रपटकर्त्यांनीं टाकून दिलेला नाहीं. तो मूळ मालिकेंतूनच उचलला आहे. परंतु मालिकेंत तो पश्चात्ताप त्याच्या दुःखाचें मूळ होता. चित्रपटांत तोच थट्टेचें साधन झाला. काठीची रुपेरी लांडग्याची मूठ राहिली, बोटांतली मोठी आंगठी राहिली, कपाळावर आलेले केंस राहिले. ज्या वेदनेमुळें मुलें घरीं धांवत येत, ती मात्र हातांतून निसटली. आणि विशेष हें कीं, ती वेदना दाखविण्याचें सामर्थ्य या मंडळींत नव्हतें, असेंही म्हणतां येत नाहीं. चित्रपटाच्या आरंभीं शापाची पूर्वकथा आहे. मंत्रानें भारलेली वधू कड्यावरून खालीं पडते. तिच्यामागें उडी घेणारा बार्नबस मरण शोधीत असतो व त्यास मिळतें तें न संपणारें जिणें. हे कांहीं क्षण गंभीर, सुंदर व मनाला चटका लावणारे आहेत. ज्यांना हें साधलें, त्यांनीं तें पुढें सोडून कां दिलें?

याचें एक कारण काळाचें असावें. मालिकेस १,२२५ अर्धे तास मिळाले होते. चित्रपटाला दोन तासही पुरते मिळाले नाहींत. मालिकेंत एखादें दार उघडावयास आठवडा लागे. शुक्रवारीं किंकाळी ऐकूं आली, तर तिचें कारण कळण्यास सोमवार उजाडावा लागे. मधले दोन दिवस मुलें त्याचीच चर्चा करीत. पात्रांशीं जी जवळीक झाली, ती या वाट पाहण्यांतून झाली. दोन तासांत शाप, प्रेम, सूड, घराण्याचा बुडालेला मासळीचा धंदा, मुलींतील लांडगीण, हें सर्व कोंबतांना वाट पाहण्यास अवकाश उरत नाहीं. व्हिक्टोरिया व मॅगी या दोन वेगळ्या तरुणींची येथें एकच तरुणी झाली, तीही याच घाईंत. अशा वेळीं पात्र हळूहळू उलगडण्यापेक्षां त्याच्याकडून एक विनोद करून घेणें सोपें असतें. लांबलचक मालिकेचा चित्रपट करणारांनीं सर्व कथा थोडथोडी सांगण्यापेक्षां तिचा एकच धागा घेऊन तो पुरता सांगावा, हें आम्हांस अधिक बरें वाटतें.

परंतु चाहत्यांनाही दोन शब्द सांगणें प्राप्त आहे. न पाहिलेल्या चित्रपटाचा निकाल जाहिरातीवरून देणें हा न्याय नव्हे. आणि 'ही कथा आमची आहे' असें म्हणणारानें 'म्हणून ती तुमची नाहीं' असें म्हणूं नये. चित्रपटाला सर्व जगांत मिळून २४ कोटी डॉलरांवर उत्पन्न झालें. त्याच्या प्रेक्षकांत असे पुष्कळ होते, ज्यांनीं बार्नबसचें नांव पूर्वीं ऐकलेंही नव्हतें. त्याच वर्षीं मूळ मालिकेचे सर्व भाग १३१ तबकड्यांच्या संचांत, शवपेटिकेच्या आकाराच्या पेटींत घालून विक्रीस आले. नव्या चित्रपटाच्या दारानें एखादा मुलगा जुन्या मालिकेच्या अंगणांत आला, तर 'तूं चुकीच्या दारानें आलास' म्हणून त्यास हांकून लावणें शोभणारें नाहीं. ज्या प्रेक्षकानें तो एक हरवलेला भाग ध्वनिफितीवर उतरविला, त्यानें तो कोणासाठीं उतरविला, हें तरी त्यास कोठें ठाऊक होतें? त्याच्या हातून झालेलें काम मात्र त्या दिवशीं जन्मलेही नसतील, अशांच्या उपयोगीं पडलें.

बर्टन व डेप यांचें मालिकेवर प्रेम नव्हतें, असें आम्ही म्हणत नाहीं. या उदाहरणावरून शिकावयाचें असेल, तर तें हेंच कीं, प्रेम असूनही मूळ वस्तूचें मर्म हातांतून सुटूं शकतें. कारण आपणांस प्रिय वस्तूचें रूप जितकें स्पष्ट आठवतें, तितकें ती आपणांस प्रिय कां झाली, याचें कारण आठवत नाहीं. आमच्या विद्यार्थी-वाचकांपैकीं कित्येक जण स्नेहसंमेलनासाठीं एखादें जुनें नाटक किंवा जुनी कथा नव्यानें बसवितील. त्यांनीं खुशाल वेष बदलावा, कांहीं प्रवेश गाळावे, भाषा आजची करावी. परंतु जेथें मूळ कर्त्यानें प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आणलें, तेथें आपण त्यांस हंसविणार असूं, तर तसें करण्यास आपणांपाशीं कारण काय, हें आधीं स्वतःस विचारून पाहावें. आणि जे प्रेक्षकांत बसणार असतील, त्यांनीं निदान पडदा वर जाईपर्यंत आपला निकाल राखून ठेवावा.